माळरानावरची एमिली

— एस. वाय. बी. ए.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रेमकथा आहे असे ऐकले म्हणून ग्रंथालयातून ‘वुदरिंग हाइट्स’ घरी नेली आणि वाचताना अक्षरशः घाबरले. नायक हीथक्लिफ क्रूर, नायिका कॅथरिन हट्टी. तरी पुस्तक खाली ठेववेना. हे लिहिणारी बाई होती तरी कोण, या कुतूहलातून हा लेख लिहीत आहे.

एमिली ब्राँटीचा जन्म ३० जुलै १८१८ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील थॉर्नटन या गावी झाला. वडील पॅट्रिक आयर्लंडमधल्या गरीब घरातले. स्वतःच्या हिमतीवर केंब्रिजला शिकून ते धर्मोपदेशक झाले होते. १८२० मध्ये कुटुंब हॉवर्थला आले. घराला लागून कबरस्तान आणि पलीकडे वाऱ्याने झोडपलेले माळरान. १८२१ मध्ये आई गेली. १८२५ मध्ये दोघी थोरल्या बहिणी शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि क्षयाने वारल्या. एमिलीला तेव्हा सात वर्षेही पुरी झाली नव्हती.

उरलेली भावंडे एकमेकांना कथा रचून सांगत. घरची स्वयंपाकीण टॅबी त्यांना त्या मुलखातल्या जुन्या हकिकती ऐकवी. एमिली बाहेर कुठे फारशी रमली नाही. १८३५ मध्ये शाळेत गेली, ती काही महिन्यांतच घरच्या ओढीने परत आली. १८४२ मध्ये बहीण शार्लटबरोबर ब्रसेल्सला शिकायला गेली. पण मावशी वारल्यामुळे त्याच वर्षी परतली. पुढे घर सांभाळायचे, कणीक मळतामळता समोर जर्मन पुस्तक उघडे ठेवायचे आणि माळावर हिंडायचे, असे तिचे दिवस गेले.

१८४५ मध्ये शार्लटला तिच्या कविता सापडल्या. एमिली आधी रागावली, पण अखेर तयार झाली. १८४६ मध्ये तिघी बहिणींचा संग्रह टोपणनावांनी निघाला. पहिल्या वर्षात त्याच्या दोनच प्रती खपल्या. डिसेंबर १८४७ मध्ये कादंबरी आली. अनेक टीकाकारांना ती रानटी वाटली.

मग ही काळोखी प्रेमकथा आजही आपल्याला का ओढून घेते? एक कारण सांगण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक गोष्ट नेली डीन ही नोकर बाई एका पाहुण्याला सांगते. माझी आजी चुलीपुढे बसून गावातल्या वाड्याची भांडणे अशीच सांगते, मध्येच स्वतःचे मत घालून. घरगुती तोंडून ऐकले, की भयंकर गोष्टही खरी वाटते. दुसरे म्हणजे एमिली हीथक्लिफचे पाप झाकत नाही. ते कुठून उगवले तेवढे दाखवते. थोरल्या मालकाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा हिंडली या पोरक्या पोराचे शिक्षण बंद करतो आणि त्याला गडी करून टाकतो. पुढे हीथक्लिफ सूड घेतो तोही तसाच. हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, तो निरक्षर ठेवतो.

इथे मी पुस्तक मिटून बसले. माझी आजी अजून अंगठा लावते. अक्षर हिरावणे हा केवढा सूड आहे, हे मला कुणी वेगळे समजावून सांगायला नको होते.

हेअरटन अडखळत वाचायला लागतो तेव्हा कॅथरिनची मुलगी त्याला हसते. तो चिडून पुस्तके जाळतो. पहिल्या वर्षी वर्गात इंग्रजी उतारा वाचताना मीही अडखळले होते आणि वर्ग हसला होता. त्या दिवशी मलाही पुस्तक नकोसे झाले होते. कादंबरीच्या शेवटी तीच मुलगी हेअरटनला शेजारी बसवून वाचायला शिकवते. एवढ्या अंधारात एमिलीने ठेवलेला दिवा तो हा.

सप्टेंबर १८४८ मध्ये भाऊ ब्रॅनवेल वारला. पाठोपाठ एमिली आजारी पडली. अगदी अखेरपर्यंत तिने डॉक्टर नको म्हटले आणि १९ डिसेंबर १८४८ रोजी, तिसाव्या वर्षी, ती गेली. पुस्तकाचा मोठेपणा जगाने मान्य केला, तो तिच्या पश्चात.

ग्रंथालयाची प्रत मी परत केली आहे. ज्यांना अजून मोठ्याने वाचायची भीती वाटते, त्यांनी ती जरूर न्यावी.