बॉब नव्हे, रोबर्टो



आपल्या वर्गात क्रिकेटचे जाणकार पुष्कळ. त्यामुळे स्मरणिकेत एका बेसबॉलपटूवर लिहिताना थोडी धाकधूक वाटते आहे. कामानिमित्त काही महिने अमेरिकेत पिट्सबर्गला राहिले होते. तिथे नदीवरच्या एका पिवळ्या पुलाला रोबर्टो क्लेमेंटेचं नाव आहे. हा कोण म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचतच गेले. खेळातलं चारित्र्य हा शब्द आपण बक्षीस समारंभात नेहमी ऐकतो. त्याचा अर्थ मला या माणसाच्या आयुष्यातून नीट कळला.

रोबर्टोचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ चा, पोर्तो रिको बेटावरच्या कॅरोलिना गावातला. बेट अमेरिकेच्या ताब्यात, पण घराघरातली भाषा स्पॅनिश. वडील मेल्कोर उसाच्या मळ्यात मुकादम होते. आईचं नाव लुईसा. सात भावंडांत रोबर्टो शेंडेफळ. शाळेत तो भालाफेकीत चमकला. पुढे मैदानाच्या टोकावरून चेंडू सरळ आत फेकणारा त्याचा हात प्रसिद्ध झाला. त्या हाताची तयारी या भाल्यानेच केली असं म्हणतात.

त्याला हेरलं ते एका शिक्षकाने. रोबर्टो मारीन हे शिक्षक एका तांदूळ कंपनीच्या सॉफ्टबॉल संघाचं काम पाहत. काठीने पत्र्याचे डबे टोलवणारा हा पोरगा त्यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला संघात घेतलं. आपल्या सरांना आणि बाईंना हा तपशील आवडेल म्हणून मुद्दाम लिहिला.

तिथून तो १९५२ मध्ये सांतुर्से या स्थानिक व्यावसायिक संघात गेला. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला दहा हजार डॉलर देऊन करारबद्ध केलं. याच डॉजर्सकडून १९४७ साली जॅकी रॉबिन्सन खेळला होता आणि त्याने गोऱ्यांची मक्तेदारी मोडली होती. पण क्लेमेंटेला मुख्य संघात जागा मिळाली नाही. त्याला माँट्रियलच्या दुय्यम संघात पाठवलं गेलं आणि तिथेही बराच वेळ बसवून ठेवलं गेलं. त्या काळच्या नियमानुसार इतकी रक्कम घेतलेला नवा खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर दुसरा संघ त्याला उचलू शकत असे. पिट्सबर्ग पायरेट्सने अवघ्या चार हजार डॉलरमध्ये त्याला नेलं. १७ एप्रिल १९५५ रोजी तो त्यांच्याकडून पहिला सामना खेळला आणि शेवटपर्यंत, म्हणजे अठरा हंगाम, त्याच संघात राहिला.

अमेरिकेत त्याच्यावर दोन शिक्के बसले, काळा आणि परभाषिक. संघाचं सराव शिबिर फ्लोरिडात असे. प्रवासात वाटेतल्या उपाहारगृहात गोरे खेळाडू आत जेवत. काळ्यांना आत प्रवेश नव्हता, ते बसमध्ये थांबून राहत आणि कोणीतरी आणून देईल ते खात. क्लेमेंटेने हे निमूट चालू दिलं नाही. व्यवस्थापनाशी भांडून त्याने काळ्या खेळाडूंसाठी वेगळी गाडी मिळवली.

दुसरा शिक्का भाषेचा. वार्ताहर त्याचं इंग्रजी त्याच्या उच्चारांसकट छापत, वाचकांना हसू यावं म्हणून. कारमध्ये असताना दुसऱ्या गाडीने दिलेल्या धडकेमुळे त्याला पाठीचं दुखणं जडलं होतं. त्याबद्दल तो बोलला की हा सारखा कुरकुरतो असं लिहून येई. त्याचं नावही बदललं गेलं. खेळाडूंच्या छापील कार्डांवर तो वर्षानुवर्षं ‘बॉब’ होता. तो मात्र प्रत्येक वेळी सांगत राहिला की आपलं नाव रोबर्टो आहे. आपण सगळे मराठी माध्यमातले. अकरावीच्या वर्गात इंग्रजीत उत्तर द्यायला उभं राहताना पोटात जो गोळा यायचा, तो आठवून पाहा. मग रोज हजारो वाचकांसमोर असं हसू होऊनही बोलणं न थांबवणाऱ्या माणसाची हिंमत लक्षात येते.

मैदानावर त्याने काय केलं तेही सांगायला हवं. बेसबॉलमध्ये दहा संधींमध्ये तीन यशस्वी फटके, म्हणजे ‘हिट’, मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. क्लेमेंटेची संपूर्ण कारकिर्दीची सरासरी त्याहून वरची, .३१७. आपल्या लीगमधली सर्वोत्तम सरासरी त्याने चार वेळा नोंदवली, १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह सलग बारा वर्षं. १९६६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आकड्यांहून मला त्याची एक सवय जास्त भावते. बाद होणार हे जवळजवळ नक्की असलं, तरी तो जीव तोडून धावायचा.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा हंगाम सुरू होण्याच्या बेतात होता. अंत्यविधी होईपर्यंत खेळायचं नाही अशी भूमिका पायरेट्सच्या खेळाडूंनी घेतली आणि सामने पुढे ढकलावे लागले. या निर्णयात क्लेमेंटे पुढे होता.

१९७१ च्या अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सिरीजमध्ये, पायरेट्स बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध पहिले दोन सामने हरले, आणि शेवटी सातवा सामना २–१ असा जिंकून विजेते ठरले. सदतीस वर्षांच्या क्लेमेंटेने सातही सामन्यांत हिट मारले. त्याची सरासरी .४१४ होती आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. विजयानंतर टीव्हीचा कॅमेरा त्याच्याकडे वळला, तेव्हा त्याने आधी स्पॅनिशमध्ये बोलण्याची परवानगी घेतली आणि सगळ्या अमेरिकेसमोर आई-वडिलांचा आशीर्वाद मागितला. ज्या भाषेच्या छटेवरून त्याला इतकी वर्षं हसले, तीच भाषा त्या दिवशी सगळ्यांना ऐकावी लागली.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने तीन हजारावा हिट मारला. तोवर केवळ दहा खेळाडू तिथे पोहोचले होते. नियमित हंगामातला तो त्याचा शेवटचा हिट ठरला.

त्या वर्षअखेरीस पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून तो निकाराग्वात मानाग्वाला राहून आला होता. काही आठवड्यांतच, २३ डिसेंबरला, भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त झालं. क्लेमेंटेने पोर्तो रिकोत मदत गोळा करायला सुरुवात केली. सामानाची विमानं गेली, पण तिथले सैनिक ते मध्येच हडप करतात अशा बातम्या येऊ लागल्या. आपण स्वतः गेलो तर कोणी हात लावणार नाही असं त्याला वाटलं. ३१ डिसेंबरच्या रात्री तो सान हुआनहून मालवाहू विमानात चढला. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान समुद्रात कोसळलं. पाचही जण गेले. रोबर्टोचं शरीर कधीच सापडलं नाही. वय अडतीस. मागे पत्नी व्हेरा आणि तीन लहान मुलगे.

या मृत्यूचं वर्णन बलिदान म्हणून केलं जातं. मी इंजिनिअर असल्यामुळे मला तेवढ्यावर थांबता येत नाही. त्या विमानात क्षमतेपेक्षा सुमारे एकोणीसशे किलो जास्त वजन होतं. त्याच महिन्यात ते धावपट्टीच्या परिसरात अपघातात सापडलं होतं. लायक फ्लाइट इंजिनिअर बरोबर नव्हता. ज्यांनी तपासायचं त्यांनी तपासलं असतं, तर ते विमान उडालंच नसतं. रोबर्टोच्या मोठेपणाआड ही हलगर्जी झाकली जाऊ नये असं मला वाटतं. सज्जन माणूस दुसऱ्याच्या कामावर विश्वास ठेवतो, म्हणून ते काम करणाऱ्याची जबाबदारी वाढते.

त्याचा पनामाचा सहकारी मॅनी सँगियेन श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला गेला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत होता.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड होण्यासाठी निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंटेसाठी हा नियम बाजूला ठेवला गेला आणि १९७३ मध्येच त्याची निवड झाली. हा मान मिळालेला तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. मैदानाबाहेर समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दर वर्षी त्याच्या नावाने पुरस्कार दिला जातो.

हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर मात्र नाव चुकलं. स्पॅनिश रीतीप्रमाणे आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं, म्हणून तो रोबर्टो क्लेमेंटे वॉकर. फलकावर वॉकर आधी कोरलं गेलं. सत्तावीस वर्षांनी, २००० साली, तो फलक काढून नवा बसवला. आता तिथे त्याचं नाव बरोबर आहे.