तिसऱ्या मजल्यावरचा कारखाना

होळीची पुरणपोळी अजून पचायची होती आणि आमच्या मंडळाच्या खोलीत पाच-सहाजणी सतरंजीवर बसून कार्डं कापत होत्या. जुन्या लग्नपत्रिका, साड्यांच्या खोक्यांतले जाड पुठ्ठे, जरीच्या काठांचे तुकडे, टिकल्यांची पाकिटं असा सगळा पसारा. काम चाललं होतं दिवाळीच्या आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांचं. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या आणि हसतच सुटल्या. उन्हाळा जायचाय, पावसाळा जायचाय, तुम्हाला आत्तापासून कसला नाताळ, म्हणाल्या. आम्हीही हसलो. पण हातानं कार्ड करणारीला हिशेब ठाऊक असतो. ऑक्टोबरात बसलं तर पन्नास होत नाहीत, मार्चपासून बसलं तर पाचशे होतात.

काकू चहाला थांबल्या, तेव्हा त्यांना एस्थर हाउलंडची गोष्ट सांगितली. एका दिवसाच्या सणासाठी बारा महिने कात्री चालवणारी बाई. मैत्रिणींनो, तीच गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

एस्थर ॲलन हाउलंडचा जन्म १७ ऑगस्ट १८२८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावचा. वडिलांचं पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान होतं, गावात नाव असलेलं. आईचं नावही एस्थरच. या आईनं १८४० च्या दशकात काटकसरीनं घर चालवणाऱ्या गृहिणींसाठी पाककृतींचं आणि घरकामाचं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे पुढे रुचिरा घरोघरी गेलं ना, तसंच काहीसं. म्हणजे कागद, शाई, छपाई हे सगळं एस्थर लहानपणापासून बघत होती. आणि बाईनं घरात बसून केलेल्या कामाला बाजारात किंमत मिळू शकते, हेही.

मुलींना उच्च शिक्षण म्हणजे नसता उद्योग असं मानण्याचा तो काळ. तरी घरच्यांनी तिला माउंट होलिओक या मुलींच्या विद्यालयात पाठवलं. मेरी लायन नावाच्या बाईंनी ते १८३७ साली सुरू केलं होतं. खर्च कमी राहावा म्हणून तिथं मुलीच आळीपाळीनं स्वयंपाक, धुणं, झाडलोट करायच्या. कामं वाटून घेतली की डोंगराएवढं कामही हलकं होतं, हे एस्थर बहुधा तिथंच शिकली असावी. हा आपला माझा अंदाज. १८४७ साली तिचं शिक्षण पूर्ण झालं. पुढच्याच वर्षी इकडे पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. काळ लक्षात यावा म्हणून सांगितलं.

शिकून घरी आलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. पुढे काय? लग्न, नाहीतर मास्तरीण. एवढ्यात वडिलांच्या व्यापारातल्या एका ओळखीच्या माणसाकडून तिला इंग्लंडमध्ये बनलेलं एक व्हॅलेंटाइन कार्ड आलं. कडेला जाळीदार कागद, कापलेली रंगीत फुलं, अगदी दागिन्यासारखं नाजूक काम. दुसरी कुणी ते पेटीत जपून ठेवलं असतं. एस्थरनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि तिच्या मनात आलं, की हे तर मीही करीन, कदाचित याहून चांगलं.

व्हॅलेंटाइन म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, मला माहीत आहे. तुम्ही विचाराल, ख्रिश्चन कुटुंबातली मुलगी, मग नाताळची कार्डं सोडून तिनं हेच का निवडलं? त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. त्या भागात पूर्वी प्युरिटन पंथाच्या कडक लोकांची वस्ती. नाताळ म्हणजे उधळेपणा आणि धर्माला सोडून, असं त्यांचं मत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला चक्क दंड होता! बंदी उठली तरी मनातली अढी पुढे दीडेकशे वर्षं राहिली. नाताळची अधिकृत सुट्टी तिथं १८५६ साली आली. इंग्लंडात हेन्री कोल यांनी १८४३ मध्येच नाताळचं पहिलं छापील कार्ड काढलं होतं. पण एस्थर कामाला बसली तेव्हा तिच्या गावात त्याला गिऱ्हाईक कुठलं? चौदा फेब्रुवारीला मात्र पत्रं जात होती. जे चालतं त्यानं तिनं सुरुवात केली. धंद्याची जाण म्हणतात ती हीच.

तिनं वडिलांना जाळीदार कागद आणि कागदी फुलं मागवून द्यायला सांगितली. सामान आलं, तिनं डझनभर नमुने बनवले. भाऊ दुकानाच्या कामासाठी गावोगाव फिरतीवर जायचाच, त्याच्या पेटीत ते टाकले. तिची अपेक्षा होती दोनशे डॉलरच्या मागणीची. भाऊ परतला तो पाच हजार डॉलरहून जास्त मागणी घेऊन! मजुराला दिवसाला जेमतेम एक डॉलर मिळण्याचा तो काळ. त्या पोरीची अवस्था काय झाली असेल, कल्पना करा. आमच्या बचत गटाला एकदा दोनशे आकाशकंदिलांची ऑर्डर आली होती, तर आम्हाला दोन रात्री झोप नव्हती.

एकटीनं हे होणार नव्हतं. तिनं मैत्रिणींना बोलावलं आणि समर स्ट्रीटवरच्या आपल्या राहत्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर लांब टेबलं मांडली. पुढे जे झालं ते मला सगळ्यात आवडतं. तिनं प्रत्येकीला सबंध कार्ड करायला दिलंच नाही. एक मुलगी फक्त रंगीत चित्रं कापणार. दुसरी कार्डाचा तळ तयार करणार. तिसरी एस्थरनं केलेला नमुना समोर ठेवून त्यावर जाळी, फुलं लावणार. हातातून हात जात शेवटी कार्ड एस्थरपुढे यायचं आणि ती ते तपासायची. मोटारींच्या कारखान्यात हेन्री फोर्डनं फिरत्या पट्ट्यावर काम वाटून दिलं ते १९१३ साली. त्याची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी या मुली माडीवर बसून कामाची तशीच वाटणी करत होत्या.

मागणी वाढली तशा तिसऱ्या मजल्यावर मावेनात एवढ्या बाया लागू लागल्या. काहीजणींना घर सोडून येता येत नव्हतं. कुणाला लहान मूल, कुणाकडे म्हातारं माणूस. अशांसाठी एस्थरनं खोकी भरली. कागद, फुलं, चित्रं, सगळं मोजून, वर एक तयार नमुना. गाडीवाला खोकं घरी पोचवायचा आणि आठवड्यानं येऊन झालेली कार्डं घेऊन जायचा. आपल्याकडे विड्या, उदबत्त्या, पापड असेच घरोघरी होतात. फरक एवढाच, की तिच्याकडे पैसे चांगले मिळायचे आणि काम हलकं, आनंदाचं होतं असं तिथं काम केलेल्या सांगत. आम्हाला मात्र एका दुकानदारानं शंभर कार्डं ठेवून घेतली आणि सण झाल्यावर कोपरे दुमडलेली ऐंशी परत केली. पैसे वीसचेच. असो.

या कार्डात एवढं होतं तरी काय? खालचा कागद उठावाच्या नक्षीचा. त्यावर जाळीदार कागद, आपल्या क्रोशाच्या रुमालासारखा. पांढऱ्यावर पांढरं उठून दिसत नाही, म्हणून एस्थर जाळीच्या खाली चकचकीत रंगीत कागदाचा तुकडा घालायची, की नक्षीचं भोक न् भोक दिसावं. जाळीवर जाळीचे थर द्यायची. घड्या घातलेल्या कागदी पट्टीची बारीक स्प्रिंग करून त्यावर चित्र चिकटवायची, त्यामुळे चित्र वर उचललेलं दिसे आणि खाली सावली पडे. काही कार्डांत इवलंसं पाकीट असायचं, त्यात कुणी चिठ्ठी ठेवी, कुणी अंगठी. आणि कवितेच्या ओळी दर्शनी भागावर नाही, आतल्या बाजूला. वाचायच्या असतील तर कार्ड उघडायला हवं. त्या काळात खिजवणारी, टवाळखोर व्हॅलेंटाइन कार्डंही खूप खपायची. एस्थर त्या वाटेला गेली नाही.

१८५० च्या फेब्रुवारीत वूस्टरच्या वर्तमानपत्रात तिची पहिली जाहिरात आली. टपालाचे दर त्याच सुमारास उतरले, त्याचा तिला फायदा मिळाला. स्वस्तातलं कार्ड पाच सेंटला असे, भारीतलं कितीतरी डॉलरला. भरभराटीच्या वर्षांत उलाढाल एक लाख डॉलरवर गेली असं सांगतात. चौदा फेब्रुवारी उलटली की दुकानदारांचा मोसम संपायचा, पण तिसऱ्या मजल्यावर लगेच पुढच्या वर्षाचं काम सुरू व्हायचं. हळूहळू लोकांची नाताळाबद्दलची अढी गेली. बोस्टनजवळ लुई प्रँग यांनी १८७५ मध्ये नाताळची सुंदर रंगीत छापील कार्डं अमेरिकेच्या बाजारात आणली आणि ती झपाट्यानं पसरली. एस्थरनंही नाताळ, नवं वर्ष, वाढदिवस अशी कार्डं करायला घेतली. म्हणजे मग टेबलं रिकामी राहण्याचा प्रश्नच नाही.

मध्येच, १८६६ साली, ती बर्फावर घसरली आणि गुडघ्याला जबर मार बसला. काही काळ चाकाच्या खुर्चीत बसून तिनं कारभार पाहिला, पण काम थांबवलं नाही. पुढे न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी या नावानं धंदा रीतसर उभा राहिला आणि १८७९ साली घरातून मेन स्ट्रीटवरच्या जागेत गेला. तीस वर्षं माडीवर चाललेला कारखाना खाली उतरला, म्हणू या. त्याच वर्षी तिनं एक नामी युक्ती केली. एकशे एकतीस कवितांचं छोटं पुस्तक छापलं. कार्ड आवडलं पण आतली कविता नाही आवडली, तर गिऱ्हाइकानं पुस्तकातली दुसरी निवडावी आणि ती जुनीवर चिकटवावी. दुकानदाराचं कार्ड पडून राहत नाही, घेणाऱ्याचं मन मोडत नाही. हे वाचलं तेव्हा मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला.

एस्थरनं लग्न केलं नाही. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण हे अगदी चवीनं सांगतात, की लाखो लोकांसाठी प्रेमपत्रं करणारी बाई स्वतः अविवाहित राहिली, केवढा हा विरोधाभास. मला यात विरोधाभास काही दिसत नाही. मिठाई करणारा हलवाई रोज पेढे खातो का?

मला खुपतं ते दुसरंच. १८८१ साली वडील आजारी होते. त्यांची सेवा करायला हवी म्हणून एस्थरनं आपला धंदा वूस्टरमधल्याच जॉर्ज व्हिटनी यांना विकून टाकला. वय बावन्न-त्रेपन्न. तीस वर्षांहून जास्त काळ शून्यातून उभं केलेलं काम, नाव, घडवलेल्या बाया, सगळं एका सहीनं दुसऱ्याचं झालं. भाऊ होते ना घरात? पण उशाशी बसायला मुलगीच लागते, अमेरिका असो की आपलं गाव. तिनं ते खुशीनं केलं की नाइलाजानं, तिचं तिला ठाऊक. मी स्वतः सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षं मंडळाचं काम सोडलं होतं. ते मनापासून केलं आणि रात्री कधीकधी रडलेही. दोन्ही खरं होतं. म्हणून तिच्याबद्दल मी पटकन मत देणार नाही.

वडील गेल्यावर ती क्विन्सी गावात भावाकडे राहायला गेली. व्हिटनी यांनी धंदा खूप वाढवला. जाळीचा कागद बाहेरून आणायच्या ऐवजी यंत्रं घेऊन स्वतःच बनवायला लागले, मोठ्या शहरांत कचेऱ्या काढल्या. हातानं चिकटवायचं काम मागे पडत गेलं. १९४२ मध्ये महायुद्धामुळे कागदाची टंचाई झाली, तेव्हा ती कंपनीही बंद पडली.

एस्थर वारली १५ मार्च १९०४ रोजी. अमेरिकेतली पहिली व्हॅलेंटाइन करणारी असं तिला म्हणतात, पण ते पुरतं बरोबर नाही. तिच्या आधीही लोक कार्डं करत होते आणि जवळच्याच ग्राफ्टन गावचे टाफ्ट नावाचे गृहस्थही त्याच सुमारास या धंद्यात होते. पहिली नसेना का. गावातल्या बायकांच्या हाताला इतकी वर्षं काम देणारी होती, मला तेवढं पुरतं.

तिची कार्डं आज संग्राहक जपून ठेवतात. जुन्या कार्डांच्या मागे लाल शाईत बारीकसं इंग्रजी एच अक्षर असतं, हाउलंडचा एच. त्यावरून ओळख पटते. पण चित्र कापणारी कोण, जाळी लावणारी कोण, घरी मूल झोपवून रात्री खोक्यातली कार्डं पुरी करणारी कोण, याची कार्डावर काही खूण नाही.

हे सांगून झालं तेव्हा काकूंचा चहा निवून गेला होता. आमच्यातल्या सगळ्यात धाकटीनं पेन्सिल घेतली आणि हातातल्या कार्डाच्या मागे कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं. मग सगळ्यांनीच लिहिलं. आता आमच्याकडे तशी पद्धतच पडली आहे. परवा काकूंनी तीन कार्डं केली, चांगली जमली होती. नाव लिहिताना मात्र त्या फार लाजल्या आणि नुसतंच काकू असं लिहून मोकळ्या झाल्या.