कोंबड्यांच्या खुराड्यातलं बिऱ्हाड

पडीक जमीन विकत घेणाऱ्याला गाव वेड्यात काढतं. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात १९३५ साली एका प्राध्यापकाने असाच सौदा केला. त्यांचं नाव ऑल्डो लिओपोल्ड. जमीन नदीकाठची, वाळूची, पिकं घेऊन घेऊन कस गेलेली. मालकाने केव्हाच सोडून दिलेली. राहतं घर जळालेलं. उभं होतं फक्त कोंबड्यांचं खुराडं, तेही खताने भरलेलं.

लिओपोल्ड यांचा जन्म १८८७ सालचा, आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनचा. मिसिसिपी नदीच्या काठी वडिलांबरोबर रानात हिंडत लहानाचे मोठे झाले. वनशास्त्र शिकून १९०९ मध्ये वनखात्यात लागले. १९१२ साली न्यू मेक्सिकोतल्या एस्टेला बर्गेरे यांच्याशी लग्न झालं. पुढच्याच वर्षी दौऱ्यावर असताना वादळपावसात सापडले आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने पार मरणाच्या दारातून परत आले. तरी रानाची ओढ सुटली नाही. १९३३ पासून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवू लागले.

सुट्टी आली की पत्नी, तीन मुलगे, दोन मुली असं सगळं बिऱ्हाड मॅडिसन शहरातून निघायचं. सर्वांनी मिळून खत उपसलं, चूल बांधली, नदीच्या पुरात वाहून आलेल्या फळ्या वापरल्या आणि खुराड्याचं घर केलं. मग रोपं लावायला घेतली. १९३६ च्या कडक दुष्काळात पहिल्या हंगामातली पाइनची बहुतेक रोपं जळून गेली. दुसरा असता तर नाद सोडता. यांनी पुढच्या वसंतात पुन्हा फावडी उचलली. दरसाल हे चालूच राहिलं, हजारो झाडं लागली. पहाटे उठून कोणता पक्षी कधी आला, कोणतं फूल कधी उमललं, याची नोंद वहीत व्हायची.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानात गवत पेटलं. लिओपोल्ड विझवायला धावले. तिथेच हृदयविकाराने गेले. वय ६१. त्यांचं गाजलेलं पुस्तक छापण्याचं आठवडाभर आधीच पक्कं झालं होतं. ते १९४९ साली निघालं, पण त्यांनी पाहिलं नाही.

मुलांनी मात्र वारसा चालवला. स्टार्कर वन्यजीवांचे, ल्यूना नद्यांचे, तर धाकटी एस्टेला प्राचीन वनस्पतींची नामवंत अभ्यासक झाली. नीना यांनी वडिलांच्या नोंदींचं काम पुढे नेलं. दोघांच्या वह्या ताडून पाहिल्यावर वसंतातली अनेक फुलं आणि पक्षी आता लवकर येतात, हे १९९९ मध्ये जगापुढे आलं.

आपल्याकडे पावसाळ्यात झाडं लागतात, उन्हाळ्यात करपतात आणि खड्डे तसेच राहतात. ग्रामपंचायतीने आणि शेतकरी बांधवांनी या प्राध्यापकाकडून एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ : मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायचं, पोराबाळांना सोबत न्यायचं आणि एक वही ठेवायची.