देश हरपलेला वकील : एउगेनिउश बानाशिन्स्की

करवीरनगरीनजीक, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले. हे लोक इतक्या दूर कसे आले, याचा शोध घेऊ जाता मुंबईतील पोलंडचे कॉन्सल बानाशिन्स्की यांचे नाव पुढे येते. त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहो.

कॉन्सल म्हणजे परदेशी राहून स्वदेशाचा व्यापार व स्वदेशीय नागरिक यांची काळजी वाहणारा सरकारी वकील. बानाशिन्स्की 1933 साली मुंबईस या कामावर रुजू झाले. पुढे 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली व त्याच महिन्यात रशियाही पूर्वेकडून चालून आला. पोलंडची बंदरे व कारखाने शत्रूच्या ताब्यात गेले. ज्या देशाचा व्यापार पाहावयाचा, तो देशच परचक्राखाली बुडाला! परंतु पोलंडचे सरकार परदेशी जाऊन पुढे लंडनमध्ये स्थिरावले व इंग्रजांची त्यास मान्यता होती. म्हणून मुंबईची कचेरी उघडी राहिली.

इकडे रशियाने लाखो पोलिश लोकांस सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केले होते. 1941 साली त्यांची सुटका झाली. परंतु भूक व रोगराई यांनी मुले निराधार होऊ लागली. तेव्हा बानाशिन्स्की व त्यांच्या पत्नी कीराबाई यांनी मुंबईत मदत गोळा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस अन्न, औषधे व कपडे भरलेल्या मोटारलॉऱ्या क्वेट्टा, झाहिदान, मेशेद या बिकट वाटेने अश्काबादेस निघाल्या. माल उतरवून त्या रिकाम्या परतल्या नाहीत. 1942 साली त्यांतून अनाथ बालके हिंदुस्थानात आली. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे मुलांस आश्रय दिला. पुढे वळिवड्याची वसाहत उभी राहिली. तिचा खर्च लंडनस्थ पोलिश सरकारने सोसला.

दैवगती अशी की, जुलै 1945 मध्ये इंग्रजांनी त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. आयुष्यभर ज्या राज्याची सेवा केली, त्याचा आधार असा तुटला. स्वदेशी परतण्याऐवजी हे दांपत्य याच भूमीत राहिले. कीराबाईंनी 2002 साली हैदराबादेस देह ठेवला.

वळिवड्याच्या त्या जागी पुढे सिंधी निर्वासितांचे गांधीनगर वसले. महावीर उद्यानात पोलिश लोकांनी 1998 साली कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे. तेथून जाताना आम्हास या वकिलाची आठवण होते. व्यापार बुडाला असताही कचेरीस टाळे न लावता, तिचाच उपयोग त्यांनी मुलांचे प्राण वाचविण्याकडे केला. अधिकार लहान असो वा मोठा, तो कोणाच्या कामी आणावा, हे विद्यार्थिबंधूंनी त्यांजपासून शिकावे.