रॉबर्ट बॉश

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे १९८५ सालापासून दुचाकी वाहने तयार होत आहेत. त्यांच्या इंजिनांत पूर्वी कार्ब्युरेटर असे. आता इंधन मोजून फवारणारा इंजेक्टर असतो. या बदलाच्या इतिहासात रॉबर्ट बॉश या जर्मन कारागिराचे नाव अगदी आरंभी येते.

त्यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. वडील शेती करीत व खाणावळ चालवीत. बारा भावंडांत रॉबर्ट अकरावे. उल्म येथे त्यांनी नाजूक यंत्रे घडविण्याची कला शिकून घेतली. १८८४ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि एडिसन यांच्या कारखान्यात राहिले. मायदेशी परतल्यावर १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्ट येथे लहानसे कामठाण उघडले. मदतीस एक कारागीर व एक हरकाम्या मुलगा एवढेच मनुष्यबळ होते. विजेच्या घंटा बसवाव्यात, टेलिफोन दुरुस्त करावेत, सायकलवरून गिऱ्हाइकांकडे जाऊन काम पाहावे, असा त्यांचा क्रम असे. ही वर्षे मोठ्या ओढाताणीची गेली. एकदा तर बहुतेक कामगारांना निरोप द्यावा लागला. परंतु वाईट माल विकून पैसा मिळविणे त्यांना कधीच मानवले नाही.

इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटो या यंत्राने त्यांचे दैव उघडले. १८९७ मध्ये त्यांनी ते प्रथम वाहनास बसविले, आणि थोड्याच वर्षांत त्याला देशोदेशींहून मागणी येऊ लागली. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या कामगारांचा दिवस आठ तासांचा केला. त्या काळी असे करणारे कारखानदार विरळाच होते.

ठिणगीचा प्रश्न असा सुटला. इंधनाचा मात्र राहिला. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाते. रचना साधी, स्वस्त व रस्त्याच्या कडेलाही दुरुस्त होणारी. पण हवा ओढील तेवढेच पेट्रोल येणार! डिझेल इंजिनात तर हा उपाय मुळीच चालत नाही. तेथे दाबून तापविलेल्या हवेत इंधन जोराने घुसवावे लागते. त्यासाठी रुडॉल्फ डिझेल यांनी वापरलेली हवेची यंत्रणा इतकी अवजड होती की ती मोटारीत मावली नसती.

१९२१ मध्ये बॉश यांचा तरुण मुलगा दीर्घ आजाराने वारला. त्याच सुमारास त्यांच्या कारखान्यात इंधन दाबून फवारणाऱ्या पंपाचे काम हाती घेण्यात आले. त्यातील दट्ट्या आणि नळी यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागे. अनेक नमुने टाकून दिल्यावर १९२७ मध्ये पंप बाजारात आला. १९३६ ची मर्सिडीज २६० डी ही डिझेल मोटार त्याच जातीच्या पंपावर धावली.

पुढचा भाग दुःखद आहे. विमानाने एकाएकी खाली सूर मारला की कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी बिघडते व इंजिन अडखळते. १९४० मध्ये इंग्रज वैमानिकांना हा अनुभव येत होता. जर्मन लढाऊ विमानांत मात्र फवारणीचे पंप होते. फ्रान्स व जर्मनी यांची मैत्री व्हावी म्हणून झटणाऱ्या, छळ झालेल्या ज्यूंना गुप्तपणे साहाय्य करणाऱ्या बॉश यांच्याच कारखान्यात हिटलरच्या युद्धाचे सामान बनत होते, आणि तेथे वेठीस धरलेले परदेशी मजूर राबत होते. युद्ध संपण्यापूर्वीच, १२ मार्च १९४२ रोजी, बॉश यांचे निधन झाले.

१९५४ मध्ये मर्सिडीज ३०० एस एल या मोटारीत कार्ब्युरेटर काढून यांत्रिक फवारणी बसविण्यात आली. तिची शक्ती २१५ अश्वशक्ती झाली. परंतु पंप महाग होता. शिवाय इंजिन बंद केल्यावरही तो क्षणभर पेट्रोल सोडीत राही व आतील वंगण धुऊन नेई. म्हणून साध्या मोटारी कार्ब्युरेटरवरच राहिल्या. मुंबईतील कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनीही त्यांतलीच. डिझेलचे पंप मात्र भारतातही होऊ लागले. १९५१ मध्ये बंगळूर येथे बॉश यांच्या संस्थेच्या सहकार्याने मायको ही कंपनी निघाली, आणि पुढे तिच्या नाशिक येथील कारखान्यात इंधन फवारणारी बारीक तोंडे तयार होऊ लागली.