छंदवेडे विल्यम मॉरिस



कार्यानुभवाच्या तासाला गुरुजींनी आम्हांला एकेक लाकडी चौकट दिली होती. तिच्यावर सुतळीचा ताणा लावून लोकरीचा पोपट विणायचा होता. माझा पोपट काही केल्या पोपट होईना! कडा आत ओढल्या गेल्या, चोच पार पाठीवर गेली. तिसऱ्या दिवशी मी सगळं उसवलं आणि चौकट कोपऱ्यात टाकून दिली. आईलाही वाटत होतं, की ही अभ्यास सोडून उगीच दोरे ओढत बसते. गुरुजी मात्र रागावले नाहीत. त्यांनी मला एका थोर माणसाची गोष्ट सांगितली. तीच मी इथे लिहीत आहे.

विल्यम मॉरिस यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या वॉल्थमस्टो गावी झाला. घरची श्रीमंती होती. पण ते तेरा वर्षांचे असताना वडील वारले. लहानपणी तट्टावर बसून एपिंगच्या जंगलात भटकण्याचा त्यांना भारी नाद. त्या जंगलाशेजारी राणी एलिझाबेथच्या नावाचा एक जुना शिकारवाडा होता. त्यातल्या एका खोलीत झाडापानांची नक्षी विणलेले, रंग विटलेले पडदे भिंतींवर टांगलेले होते. ती हिरवी खोली त्यांच्या मनात जन्मभर राहिली.

पुढे ते ऑक्सफर्डला शिकले, नामवंत कवी झाले. १८६१ साली मित्रांबरोबर त्यांनी घरसजावटीच्या सुंदर वस्तू बनवण्याचा कारखाना काढला. त्यांची एक सवय फार चांगली होती. कोणतीही कला ते स्वतःच्या हातांनी शिकत. भरतकाम शिकायचं, तर जुनं भरतकाम टाका टाका उसवून बघत. रंगकाम शिकायला लीक या गावी गेले, तेव्हा निळीच्या पिंपात हात घालून घालून त्यांचे हात निळे झाले होते!

मग त्यांना टॅपेस्ट्री विणावीशी वाटली. टॅपेस्ट्री म्हणजे धाग्यांनी विणलेलं चित्र. साध्या कापडात आडवा धागा, म्हणजे बाणा, या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत तसं नसतं. ज्या रंगाचा धागा, तो त्याच्या जागेपुरताच जातो आणि मागे वळतो. बाणा ठोकून इतका दाट बसवतात की ताणा दिसतच नाही. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोरसुद्धा याच जातीच्या विणकामाने होतो. म्हणून तर पैठणीला इतके दिवस लागतात.

तेव्हा मॉरिस पंचेचाळीस वर्षांचे होते. दिवसभर कारखान्याचं काम, त्यात लिखाण. वेळ कुठून आणायचा? त्यांनी १८७९ साली लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या घरी चक्क झोपायच्या खोलीतच माग उभा केला. भल्या पहाटे उठायचं आणि विणायला बसायचं. गुरू कोण? तर एक जुनं फ्रेंच पुस्तक! या मागावर विणणारा मागच्या बाजूला बसतो. त्याच्यापुढे गाठी आणि सुटलेले दोरेच असतात. चित्राची सुलटी बाजू समोर टांगलेल्या आरशात, ताण्याच्या फटींतून बघावी लागते.

रोज किती वेळ विणलं, हे ते वहीत मांडून ठेवत. १० मे ते १७ सप्टेंबर या काळात एकूण ५१६ तास झाले. पाने, वेली आणि पक्ष्यांची ती पहिली टॅपेस्ट्री पूर्ण झाली. तिच्यावरची मोठमोठी पाने जरा कोबीसारखी दिसतात, म्हणून तिला गमतीने कोबी आणि द्राक्षवेल असंही नाव पडलं. पण ते खचले नाहीत.

१८८१ साली त्यांनी मर्टन ॲबे इथे नदीकाठी मोठा कारखाना थाटला. स्वतः शिकलेली विद्या त्यांनी डर्ल नावाच्या तरुणाला दिली, त्याने पुढच्या मुलांना शिकवलं. १८९० साली पुरी झालेली त्यांच्या कारखान्याची एक मोठी टॅपेस्ट्री मॉरिस यांच्या ऑक्सफर्डच्या कॉलेजात लावली गेली.

एक दुःख मात्र त्यांना होतं. हाताने केलेल्या वस्तू महाग पडत आणि त्या श्रीमंतांच्याच घरी जात. प्रत्येक कष्टकऱ्याला कामात आनंद मिळावा आणि त्याच्या घरातही सुंदर वस्तू असावी, असं त्यांना वाटे. म्हणून १८८३ पासून ते समाजवादी चळवळीत उतरले, रस्त्यावर उभं राहून भाषणं करू लागले. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

गोष्ट ऐकून मला माझी लाज वाटली. त्यांनी ५१६ तास दिले, मी तीन दिवसांत हरले! मी कोपऱ्यातली चौकट उचलली. रोज शाळा भरण्याआधी विणायचं आणि वहीत वेळ लिहायची, असं ठरवलं. एकोणीस तास लागले. माझा पोपट या भित्तिपत्रकाशेजारी खिळ्याला टांगला आहे. शेपटी थोडी वाकडी आहे, पण चोच जागेवर आहे.

पालकहो, पोपट उलटा करूनही बघा बरं का. आई, तू तर नक्की बघ. खरं काम तिकडेच दिसतं.