कुरणातली शाळा

पर्यावरण हा विषय शाळांतून शिकविला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. आज प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकातही त्याला जागा आहे. मुले फळ्यावरून झाडाचे भाग वहीत उतरवून घेतात. खिडकीबाहेर झाड उभेच असते. त्याकडे टक लावून पाहणारा मुलगा मात्र लक्ष नाही म्हणून बोलणी खातो. ही विसंगती पाहिली की आम्हांस ताराबाई मोडक यांचे स्मरण होते. बालशिक्षणाच्या प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. परंतु कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी शाळेलाच मुलाच्या मागे रानात धाडले, या गोष्टीचे मोल आपल्याला अद्याप पुरते उमगलेले नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. १९२१ साली घटस्फोट झाला. शंभर वर्षांपूर्वी घटस्फोटित स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, ते वाचकांस सांगावयास नको. त्याच सुमारास राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. ती मानाची आणि निश्चित पगाराची जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. एवढ्यावर थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते.

त्या थांबल्या नाहीत. माँटेसरी पद्धतीची ती सुबक, घोटीव साधने शहरातील सुखवस्तू मुलांच्या हाती पोचत होती. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती. १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. पस्तिशीतल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या, त्या कायमच्या. त्याच वर्षी त्याच मुलखात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केले होते. अशा भूमीत बालवाडीची भाषा बोलणे धाडसाचे होते. पुष्कळांना ती चैनही वाटली असेल.

बालवाडी थाटली, तरी ज्यांच्यासाठी ती थाटली ती मुले येईनात. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात गेली. विकतची साधने मागे पडली. पाने, बिया, शिंपले, खडे, माती हीच साधने झाली. या प्रयोगाला अंगणवाडी हे नाव मिळाले.

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आले आणि आदिवासी पाड्यांत काम सुरू झाले. येथे अडचण निराळी होती. सहासात वर्षांचे वारली मूल सकाळी गुरे घेऊन रानात जाई, ते तिन्हीसांजेला परते. त्याच्या राखणीवर घराची भाकरी अवलंबून असे. त्याला वर्गात बसवावयाचे, तर घरच्या चुलीवर घाला घालावा लागणार. आईबापांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. साहित्याची पिशवी घेऊन शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली शाळा भरू लागली. तिला नाव पडले कुरणशाळा.

या शाळेचे खरे वैशिष्ट्य केवळ छप्पर नसण्यात नव्हते. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा देवळांच्या अग्रशाळांतून आणि घरांच्या ओसऱ्यांवर भरतच होत्या. कुरणशाळेत उलटापालट झाली ती मानाची. कोणते गवत गुरांना मानवते, कोणत्या झाडाला केव्हा फूल येते, पाणी कोठे आटते आणि कोठे टिकते, हे गुराख्याच्या पोराला आधीच ठाऊक असते. वर्गात बसविताच त्याचे हे ज्ञान शून्य मोलाचे ठरते, आणि ते स्वतःला मठ्ठ समजू लागते. कुरणात ते जाणते असते. तेथे शिक्षकालाही चार गोष्टी विचाराव्या लागतात. खड्यांनी मोजणी, पानांच्या आकारांतून वर्गवारी, धुळीत काढलेले अक्षर, या वाटेने शिक्षण त्याच्या जाणतेपणातून पुढे सरकते.

ताराबाईंच्या दृष्टीत शहरी सुधारकाची छटा नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. आंघोळ, नखे, केस यांवर त्यांच्या केंद्रात फार भर असे. मुलांची राखणी सुटावी यापेक्षा ती सोयीची कशी होईल हे पाहिले, असा आक्षेपही घेता येईल. पण जे मूल आज रानात आहे त्याला आजच अक्षर भेटले पाहिजे, हा त्यांचा हट्ट आम्हांस त्या आक्षेपाहून वजनदार वाटतो.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत कोसबाडचे काम सोडले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. कुरणशाळेच्या वाट्याला तसे काही आले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत सक्तीची केली आहे. ताराबाईंचे कुरण त्या निकषात बसणारे नाही.